नाल्याजवळचा चिखल

प्रिय मृणाली,

येत्या सोमवारी शाळेच्या पटांगणात सुनावणी आहे. कारखान्याला नाल्यातून खाडीत दुप्पट सांडपाणी सोडायचंय, आणि खाडी जिवंत असल्याचा पुरावा म्हणून ते तुझाच अहवाल वाचणार आहेत. नाल्याजवळच्या चिखलात किडे भरपूर, असं तू त्यात लिहिलंयस.

गळाला लावायला तो किडा मी चाळीस वर्षं उकरला, पण तो जेवतो कसा हे तू दाखवलंस. बिळातून डोकं तेवढं काढायचं, तोंडातून जबडे बाहेर फेकायचे, शेवाळाचा तुकडा धरून आत ओढायचा. काही मिळालं नाही तर बिळात चिकट जाळं विणायचं, अंग हलवून पाणी खेचायचं आणि अडकलेल्या गाळासकट जाळंच गिळायचं. हा तर माझ्यापेक्षा पक्का कोळी, असं मी म्हणालो होतो. त्यांच्या एका जातीत आई अंडी घालून मरते आणि बाप ती राखत बसतो, हे सांगताना तू माझ्याकडे बघून हसलीस. फार बरं वाटलं होतं मला.

इथे बरं काही नाही. सखुबाईने नाल्याजवळून तिसऱ्यांच्या शिंपल्या खायला वेचून आणल्या. घरातले सगळे आजारी पडले, आणि तिची नात केसर तिसऱ्या दिवशी गेली. सात वर्षांची होती. सखुबाई मला म्हणाली, "तुज्या पोरीनं लिवलं ना, खाडी चांगली हाय, म्हणून गेले मी." तुझ्या अहवालाची पेपरातली बातमी धक्क्यावर मीच मोठ्याने वाचून दाखवली होती.

मे महिन्यात तुला ताप होता, म्हणून नमुन्यांच्या तुझ्या बारा बाटल्या घेऊन मी एकटा नाल्याजवळच्या चिखलात उतरलो. तू काठ्या रोवलेल्या बाराही जागी उकरलं. काळा, कुजका गाळ, किडा एक नाही. रिकाम्या बाटल्या दिल्या तर पोरीचं वर्ष फुकट जाईल, असं वाटलं मला. दिघीहून फेरीबोटीने पलीकडे गेलो आणि तिथल्या चांगल्या चिखलातले किडे भरून आणले. रिकाम्या बाटल्यांतूनच तुला खाडीचं खरं कळलं असतं, हे मला अडाण्याला कळलं नाही.

सोमवारी मी हे उभा राहून सांगणार आहे. तुझं नाव खराब होईल, कदाचित पदवीही जाईल. फोनवर बोलवेना, म्हणून तिकडे येणाऱ्या विनेशच्या हाती चिठ्ठी देतोय. तुला हे पटांगणात कळू नये. सखुबाईला मात्र आज संध्याकाळी तिच्या घरी जाऊन सांगतो.

तुझाच,
बाबा