रिकामी गल्ली

पोर्टकेर्न, मंगळवार, ११ मार्च १९५८

प्रिय गिल्बर्टदादा,

इकडे आम्ही दोघंही खुशाल. तूही बरा असशील. गुरुवारी तर, पाय सोडला तर, ठणठणीत दिसलास. दोन गल्ल्या सोडून राहते आणि पत्र लिहितेय, हसू नकोस. समोर बसून सांगायला गेले तर निम्मं गिळून टाकेन.

गुरुवारी मी धापा टाकत का आले, ते धड सांगितलंच नाही. दुकानातून घरी परतले तर चुलीवर किटली ओरडतेय, उघड्या बायबलवर डंकनचा चष्मा, दाराशी बूट, आणि डंकन गायब. शेजारी डोकावले, तिथेही कोणी नाही. अख्खी गल्ली रिकामी. वाटलं, चर्चमध्ये शिकवतात तेच झालं: प्रभू आला, आपली माणसं आकाशात घेऊन गेला, आणि मी मागे राहिले! आता सात वर्षांचं महासंकट आणि नवराही जवळ नाही.

पळत सुटले ती थेट तुझ्या दारात. नऊ वर्षांत ते दार ठोठावलं नव्हतं. तू उघडलंस आणि, खरं सांगते, पहिलं मनात आलं की हा तर राहणारच होता, पण मी का? रागावू नकोस. लगेच तुला बघून इतकं बरं वाटलं की रडूच फुटलं.

तू म्हणालास, "अगं वेडे, माझ्या मते आधी संकट, मग प्रभू. संकट अजून यायचंय. तोवर चहा घे."

चर्चचं म्हणणं उलटं, आधी प्रभू, मग संकट. याच क्रमावरून तुला चर्चच्या मंडळीतून काढलं, तुझ्यासोबत कुणी जेवायचं नाही असं ठरलं, आणि मी ते निमूट पाळलं. तरी तू मला चहा दिलास. मग खिडकीशी नेऊन दाखवलंस: सगळं गाव खडकावर चढलेली नाव ओढतंय, आणि आमचा डंकन घरातल्या सपाता घालून! तुझा पाय दुखरा नसता तर तूही तिथेच असतास. त्या पायाबद्दल मी देवाचे आभार मानलेत.

आता राहिलेलं. तुझ्या बायबलच्या समासातली टिपणं चर्चच्या वडीलमंडळींना मी दाखवली होती, त्यावरूनच तुला काढलं. तू आजवर डंकनला दोष देत आलास, आणि तो माझ्यासाठी गप्प राहिला.

रविवारी जेवायला ये. मलाही काढतील कदाचित. डंकन म्हणतो, काढू देत, सूप जास्त कर. हे वाचून आला नाहीस तरी मी समजेन. ताटं मात्र तीन मांडेन.

दार उघडलंस, हे कधी विसरणार नाही.

तुझी, मागे राहिलेली बहीण,
बेथिया