वैशाखातली गळती

दादर,
आश्विन वद्य तृतीया, शके १८१९

प्रिय दुर्गे,

अनेक आशीर्वाद. दसऱ्यापासून तुझ्या आईचा आणि माझा अबोला होता, हे तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून आधी तेच लिहितो. शेजारच्या राधाबाईंकडून कळलं असतं तर त्यात चार गोष्टी त्यांच्या पदरच्या असत्या. ती ताट वाढायची, मी जेवायचो, आणि घरात बोलायला मांजर तेवढं उरलं होतं. कारण वाचलंस तर तूही कपाळावर हात मारून घेशील.

आपली झाडं गेली, दुर्गे. मागच्या दारच्या कुंड्यांतला एकूण एक कंद कुजला.

परळच्या त्या गोऱ्या डॉक्टरच्या बंगल्यातला लिलाव तुला आठवत असेल. लोक आरसे नि टेबलं घेत होते आणि मी विलायती डॅफोडिलच्या कंदांची टोपली घेऊन घरी आलो, म्हणून तुझी आई दिवसभर हसत होती. त्या माघात ती पिवळी फुलं एकदाच फुलली आणि पुन्हा कधीही फुलली नाहीत. मुंबईची हवा त्यांना मानवेना. पण त्याच आठवड्यात आपला पुण्याहून आणलेला पांढरा नर्गिसही फुलला होता. तू तेव्हा आठ वर्षांची. माझी बोटं जाड, म्हणून मोरपिसाच्या टोकावर नर्गिसाचे परागकण घेऊन पिवळ्या फुलात तू ठेवलेस, श्वास रोखून. एखादं फूल असं व्हावं की ज्याचा रंग विलायती असेल पण जे दादरच्या उन्हाला घाबरणार नाही, एवढाच माझा हट्ट होता. पुढे बी धरलं तेव्हा तू वाडीभर नाचत सांगत सुटलीस की आमच्या फुलांचं लग्न लागलं.

बियांपासून फुलापर्यंत पाच-सहा वर्षं जातात. तेवढ्यात तुझंच लग्न झालं, तू रेवदंड्याला गेलीस, आणि रोपं मागे राहिली. मी किती जपली म्हणून सांगू! राधाबाई रोज कुंपणावरून विचारायच्या, हे फूल कुठल्या देवाला चालतं? शंकराला नाही, गणपतीला नाही, तर मग एवढा खटाटोप कशाला? गिरगावात छापखान्यात मालक दौलतराव मला प्रुफांवरून मान वर करू देत नाहीत, आणि घरी आलो की ही बाई. यंदा कंद चांगले मुठीएवढे झाले होते. या थंडीत फूल येणार याची मला अगदी खात्री होती. व्याह्यांना मी फाल्गुनातच पत्र टाकलं होतं, की पौषात पोरीला आठ दिवस पाठवा, तिचं फूल तिला बघू द्या.

त्यांचं उत्तर तुला ठाऊकच आहे. गाठीचा ताप, हा प्लेग, मुंबईतून जाईपर्यंत सून पाठवणार नाही. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही, आणि म्हणूनच जास्त चीड येते. गेल्या वर्षी नागपंचमीला येऊन गेलीस, त्यानंतर तुझं तोंड आम्ही पाहिलेलं नाही. इथे घरोघर चुना फासतात, निम्मी आळी गावी पळाली, आणि मी मूर्खासारखा एकच गोष्ट धरून बसलो होतो, की ताप जाईल आणि फूल येईल आणि तूही येशील.

या कंदांचं एक पथ्य असतं, ते मी तुला शिकवलं होतं. चैत्रात पानं पिवळी पडली की ते झोपतात. मग आश्विनापर्यंत त्यांना पाण्याचा थेंबसुद्धा दाखवायचा नाही. म्हणून मी कुंड्या पडवीच्या वळचणीला कोरड्या जागी ठेवल्या आणि तिकडे फिरकलोही नाही. दसऱ्याला माती बदलायला गेलो, तर पहिल्याच कुंडीतून असा वास आला की मी मागे सरलो. कंदाचा नुसता लगदा झाला होता. आणि वर पाहतो तो वाशाला सुतळी बांधलेली! विचारलं तेव्हा कळलं, महादेवाच्या पिंडीवर वैशाखात थेंब थेंब पाण्यासाठी टांगतात ती आपली तांब्याची गळती तुझ्या आईनं माझ्या कुंड्यांवर टांगली होती. भोकात दर्भ घालून. मी छापखान्यात गेलो की भरायची, मी यायच्या वेळेला उतरवून ठेवायची. आज या कुंडीवर, उद्या त्या. अख्खा वैशाख!

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. सहा वर्षांची मेहनत, दुर्गे! परका कोणी असता तर त्याचं डोकं फोडलं असतं. ती पदर तोंडाशी धरून उभी होती. शेवटी एवढंच म्हणाली, "वैशाखात कावळ्याला पन पानी ठेवतो आपन. ही तर माझ्या पोरीनं लावलेली. ती तिकडं भर उन्हात रहाट ओढत असंल, नि हिकडं तिची झाडं मी तहानेली ठेवू?"

मी कुंड्या उपड्या केल्या आणि त्या दिवसापासून अबोला धरला. राग अजूनही गेलेला नाही, खोटं कशाला लिहू? सकाळी रिकाम्या कुंड्या दिसल्या की मागचं दार लोटून घेतो.

परवा संध्याकाळी ती माझ्यापुढे तुझ्या भातुकलीतलं फुटकं बोळकं ठेवून गेली. त्यात तू हट्टानं एक रोप लावलं होतंस, माझ्या ध्यानातही नव्हतं. तू सासरी गेल्यापासून तिनं ते देवाच्या कोनाड्यात ठेवलं होतं. पानं असली की चुळकाभर पाणी मिळायचं, आणि पानं वाळल्यावर, आता यात काही राहिलं नाही असं समजून, तिनं ती माती तशीच राहू दिली. मी ती उकरली. आत सुपारीपेक्षा थोडा मोठा कंद, कोरडा आणि टणक. बोळक्यातला म्हणून बारीक आहे, यंदा फुलेल की पुढच्या वर्षी, कोण जाणे. पण जिवंत आहे. मी तिला हाक मारली, आणि तो तिच्या तळहातावर ठेवला.

तो कंद घेऊन दिवाळीला आम्ही रेवदंड्याला येतो आहोत, दोघंही, हे सांगायला हे पत्र. बोटीवर चढताना गाठीसाठी काखा तपासतात म्हणे, तपासू देत. व्याह्यांना मुंबईची माणसं घरात नको असतील तर आम्ही बंदरावरच्या देवळात उतरू. तू तुझ्या सासूबाईंना विचारून घटकाभर ये. मी तुला कंद कसा लावायचा ते दाखवीन. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून तुझी आई आजवर तुझ्या दारी आली नाही. यावर तिचं तिनंच उत्तर काढलं आहे. काल ती तांबटाकडे जाऊन त्या गळतीचं भोक बुजवून आली. त्यात ती इथून आपलं पाणी भरून घेणार आहे.

तुझाच,
नाना