प्रथिन बसलं की वाढ थांबते

३ मार्च, सोमवार. सकाळी ९
संकल्प: शुक्रवारच्या आत सिद्ध करायचंच. माझं प्रथिन डीएनएवर जाऊन बसतं आणि वाढीच्या जनुकाचं वाचन बंद पाडतं. दारातच खाट टाकून झोपलेल्या काकांसारखं. कुणाला आत जाताच येत नाही. जनुक गप्प, की पेशींची वाढ बंद. सात वर्षं हेच सांगतोय. पुरावा तेवढा राहिलाय. शुक्रवारी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम माझ्या नोकरीची मुदत वाढवायची की नाही ते ठरवणार. वाढवतीलच. नाहीतर गाव सोडावं लागेल, आणि लेकीला तर इथल्याच शाळेत पहिलीत घालायचंय.

४ मार्च
पेशींना औषध दिलं. त्यांच्यात या प्रथिनाचं जनुक घातलंय; औषध मिळालं की त्या ते बनवायला लागतात. नेहमीच्या दहापट दिलं. हात आखडता घेऊन कुणी मोठं झालेलं नाही.

५ मार्च, दुपारी ४
वाढ ठप्प!! बायकोला फोन. तिने विचारलं, मग शाळेचा फॉर्म भरू? बिनधास्त भर म्हटलं.
शेजारच्या टेबलावरची ज्युनिअर म्हणते, सर, ज्या पेशींत प्रथिनाचं जनुक घातलेलंच नाही त्यांनाही तेच औषध देऊन बघा. कालची पोर. शंका फार.

६ मार्च
अठ्ठावीस स्लाइड्स, त्यातल्या तीन आभाराच्या. ज्युनिअरचंही नाव घातलं. मन मोठं हवं.

७ मार्च, ११.३०
चौथ्याच स्लाइडला मॅडमनी विचारलं, जनुक न घातलेल्या साध्या पेशींना औषध दिलंत का? चालू आहे म्हटलं. आता चालू करतो. निर्णय आठवडाभर पुढे ढकलला. म्हणजे विश्वास आहे.

११ मार्च
साध्या पेशीही थांबल्या. प्रथिनाचा पत्ता नाही, तरी ठप्प. औषधानेच गळा दाबला म्हणायचा. साध्या पेशी नाजूक असतील. ज्युनिअरने निकाल वहीत उतरवून घेतला. टोमणा मारला असता तर भांडता तरी आलं असतं.

१४ मार्च, शुक्रवार
या वेळी औषध बेताचं दिलं होतं. प्रथिन भरपूर बनलं, डीएनएवर बसलंही. आणि पेशी वाढल्या. साध्या आणि प्रथिनवाल्या, दोन्ही सारख्याच, डिशच्या काठापर्यंत. सात वर्षांत इतकी निरोगी वाढ पाहिली नव्हती.
मॅडम ओरडल्या नाहीत. टेबल महिनाअखेर रिकामं होईल ना, एवढंच विचारलं. भीती वाटते. कुणाला सांगणार?
बायकोने फोनवर विचारलं, मग ते प्रथिन करतं तरी काय? म्हटलं, काही नाही. नुसतं बसतं.
ती म्हणाली, शाळेत मी कळवते.