पान क्रमांक दोनशे बारा

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. तब्येत बरी असावी. डोळ्यांतून पाणी येत होतं ते थांबलं का? मामींचा गुडघा काय म्हणतोय? मी तिसऱ्या मजल्यावर, तुम्ही त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, आणि ही चौकशी कागदावर कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर आठ दिवस मी मागच्या जिन्यानं ये-जा करतोय, तुमच्या बाइंडिंगच्या गाळ्यासमोरून जावं लागू नये म्हणून. (मागच्या जिन्यावर दिवा नाही. दिव्यांच्या देखभालीचं कंत्राट गेल्याच वर्षी मंजूर झालंय. इतिवृत्त मीच लिहिलं.) दोनदा ठेचकाळलो, पण तुमच्यासमोर उभं राहण्यापेक्षा ते परवडलं. म्हणून शिपायाच्या हाती हे पत्र.

महिनाअखेरीस गाळा खाली करण्याची नोटीस तुम्हाला मिळाली असेलच. सही कुलसचिवांची असली तरी शब्द माझे आहेत. हे कसं झालं ते सांगायचं तर आमच्या ऑफिसातली एक रीत सांगावी लागेल, जी मी आजवर घरी कुणालाच सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी नाही. विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेची सभा ज्या दिवशी असते, त्याच्या आदल्या दिवशीच आम्ही तिचं इतिवृत्त टाइप करून ठेवतो. सकाळी अध्यक्ष शेवटच्या पानावर सही करतात आणि मग सभेला बसतात, कारण सभा संपली की त्यांना विमान गाठायचं असतं. सफाईचं कंत्राट, लिफ्टची देखभाल, पहारेकरी, गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभारायचा भाडेपट्टा, सगळं ‘सविस्तर चर्चेअंती एकमताने मंजूर’. (सविस्तर चर्चा होते, नाही असं नाही. मागच्या खेपेला एसी फार गार आहे यावर झाली.) बारा वर्षांत माझं एकही वाक्य चुकलं नव्हतं.

या वेळी एकोणचाळिसावा विषय तुमच्या गाळ्याचा होता. मालमत्ता विभागाचं म्हणणं, भाडेपट्टा वाढवू नये आणि जागा झेरॉक्सच्या कंपनीला द्यावी. तो ठराव मी टाइप केला, मामा. हात थांबला होता, खोटं सांगत नाही. पण मग वाटलं, मी नाही केला तर शेजारच्या टेबलावरचा करील, आणि त्याच्या शुद्धलेखनाच्या चुका पुन्हा मलाच निस्तराव्या लागतील. वडील गेल्यावर ज्यांनी मला त्याच गाळ्यात पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसवून शिकवलं, त्यांना बाहेर काढणारं वाक्य मी एकाही चुकीशिवाय लिहिलं. लाज वाटते.

सभेत पहिले अडतीस विषय नेहमीसारखे सुरळीत पार पडले. एकोणचाळिसावा आला आणि कोपऱ्यातले निवृत्त प्राध्यापक, जे तीन वर्षं प्रत्येक सभेत डुलक्या घेत होते, ते जागे झाले. म्हणाले, माझा प्रबंध त्या माणसानं बांधलाय, चाळीस वर्षांत पान हललेलं नाही, त्याला कशाला काढता, द्या की आणखी दहा वर्षं. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, द्या दहा वर्षं, पुढे चला. सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मी टेबलाखाली मुठी आवळून बसलो होतो, नाहीतर टाळ्या वाजवल्या असत्या.

सभा संपताच पान बदलायला धावलो, तर कुलसचिव म्हणाले, सही झालेली आहे. मी म्हटलं, साहेब, ठरलं वेगळंच. ते म्हणाले, असेल, पण दुरुस्ती पुढच्या सभेत मांडावी लागेल, आणि ती मांडायला सदस्य हवा. पुढची सभा तीन महिन्यांनी. प्राध्यापकांची मुदत त्याच दिवशी संपली. (त्यांच्या निरोपाचाही ठराव होता. ‘सन्माननीय सदस्यांनी सद्गदित होऊन आभार मानले’ असं मी आदल्या दिवशीच लिहिलं होतं. प्रत्यक्षात ते छत्री शोधत होते.) मी फारच अजिजी केली तेव्हा कुलसचिव वैतागून म्हणाले, हे बघा, आता बांधलेल्या खंडात जे असेल तेच खरं, उद्या कोर्ट-कचेरी झाली तरी तोच काढून बघतात. खाली मान घालून परत आलो.

तेव्हा मामा, आवराआवर सुरू करा. दाबयंत्र मी आमच्या घरी ठेवून घेईन. बायको कुरकुर करील, पण तेवढंच. लहानपणी शिवता शिवता मी कुणाचा तरी प्रबंध वाचत होतो, तेव्हा तुम्ही डोक्यात टपली मारली होती. म्हणाला होतात, बाइंडरनं वाचायचं नसतं, समोर येईल ते पान शिवायचं. मी वर येऊन तेच करत राहिलो. समोर येईल ते टाइप केलं.

मामींना नमस्कार. शक्य झाल्यास मला क्षमा करा.

तुमचा भाचा

ता. क. सोबत यंदाच्या इतिवृत्तांचा गठ्ठा शिपायाकडे दिलाय. नोटिशीची मुदत संपायच्या आत खंड बांधून द्यावा, अशी कार्यालयाची विनंती आहे. (ज्याला काढायचं त्याच्याकडूनच, हो. नव्या कंपनीला शिवण येत नाही.)

आणखी ता. क. पाकिटात एक सुटं पान सापडेल, क्रमांक दोनशे बारा. ते कुठंही लावायचं नाही. खळीचा ब्रश पुसायला घ्या. गठ्ठ्यात त्या जागी सभेत खरंच जे ठरलं त्याचं पान आहे. आज सकाळी टाइप केलं, अध्यक्षांचं वाक्य शब्दशः. सही शेवटच्याच पानावर असते, तिला धक्का नाही. पान बदलायला तुम्हाला सांगितलं असतं तर रागावून गठ्ठा परत पाठवला असतात हे ठाऊक आहे, म्हणून तुमच्यावर काही सोपवलेलंच नाही; जे करायचं ते मी करून मोकळा झालोय. तुम्ही नेहमीसारखं न वाचता शिवा.

फक्त दोरा दुहेरी घाला.