शेवंतामावशींचे दोन हात

शुक्रवार, दिवेलागण

आज ग्रामसभेत नालीचा विषय संपला आणि सरपंचांनी एकदम परदेशातलं युद्ध थांबवण्याचा ठराव मांडला. लोक हसले. "आपली नाली तं होऊन नाही राहिली, युद्ध कोन थांबवते?" मीही वैतागलो. ग्रामसेवक मी, हात मोजायचे मलाच.

भाजीवाल्या शेवंतामावशींनी दोन्ही हात वर केले. बोटांना मेथीची माती तशीच. त्यांची पोरगी युद्ध चाललंय त्याच देशात नर्स आहे.

"मावशी, एकच हात."

"एक माहा, एक पोरीचा. तिचा फोन लागून नाही राहिला, साहेब."

मग कोणी हसलं नाही.

ते मातीचे हात डोळ्यांपुढून जात नाहीत. नियमात बसत नाही, तरी मी दोन्ही मोजले. चुकलं का? विचारलंच कोणी तर सांगेन, दोघी हजर होत्या.