शमिकाची चाळीस मिनिटं

५ जानेवारी, सोमवार
शहराच्या दुसऱ्या टोकाहून, मारतहळ्ळीच्या आपल्या खोलीवरून शमिकाने व्हायोलिनवरचं आपलं नवं गाणं फोनवर पाठवलंय. चाळीस मिनिटं. प्रयोग बावीसला. लेक विचारते, "आई, शेवट ठेवू की काढू? तू सांगशील तसं." मॅट्रिक झालेल्या बाईला एवढा मान. तिला स्टेजवर बसायला लोकरीचं आसन नवरात्रात विणायला घेतलंय, ते अर्धं आहे. विणता विणता ऐकायचं. एका बैठकीत दोन कामं. संकल्प केला.

६ जानेवारी, सकाळी ११
बसले. आधी तंबोरा, मग खरकटं पातेलं खरवडल्यासारखं काहीतरी, मग काहीच नाही. फोन बिघडला म्हणून बंद केला. हे म्हणाले, ती शांतता मुद्दाम आहे. ह्यांचं दोनदा ऐकून झालंय. रिटायर माणसाला वेळच वेळ.
आसन : दोन ओळी. एक उसवली.

१४ जानेवारी
संक्रांत. शेजारच्या सत्यवतीअक्कांकडे एळ्ळु-बेल्ला, म्हणजे इथला तिळगूळ, द्यायला जायचं होतं, म्हणून फोन देवघरात लावून गेले. चाळीस मिनिटं पुरी वाजला. देवाने ऐकलं म्हणजे घराने ऐकलं.

१६ जानेवारी
शमिकाचा फोन. ऐकलंस का? हो म्हणाले. घरात वाजलंय, खोटं कसं? शेवट कसा वाटला? आता गाणं म्हटलं की शेवटी भैरवी, एवढं मलाही कळतं. म्हणाले, "भैरवीने डोळ्यांत पाणी आलं गं."
एवढंच म्हणाली, "सरी, आई." कानडीत बरं. भारावली असणार.

२२ जानेवारी, रात्री
यशवंतपूरच्या हॉलमध्ये प्रयोग झाला. आसन राहिलंच, पण ती खुर्चीवर बसली, त्यामुळे अडलं नाही. भैरवी आली नाही. एकदम संपलं. भेटायला गेले तर नमस्कार केला आणि व्हायोलिन पेटीत ठेवायला वळली.
ऑटोत ह्यांना विचारलं, शेवट गाळला का?
म्हणाले, "शेवटी तुझा आवाज होता. काढला तिने."

२३ जानेवारी
पूजेआधी ऐकलं. हातात सुई न घेता.
सदतिसाव्या मिनिटाला मी. माझं सकाळचं स्तोत्र. ती घरी राहायची तेव्हा कधी टेप केलं कळलंही नाही. मागे तिचं व्हायोलिन, हळू. आणि स्तोत्र मध्येच तोडून मी ओरडते, "शमिका, ते कर्कश बंद कर, देवापाशी बसलेय." व्हायोलिन थांबतं. स्तोत्र पुढे चालू. तिथेच गाणं संपतं.
वेळेवर ऐकलं असतं तर ठेव म्हणाले असते, असं आत्ता लिहिलं होतं. खोडलं.
काढच म्हणाले असते.