मोडांच्या शेपट्या आणि काळजाची तार

पिनांग, शनिवार

ती. सौ. ताईस,

धाकट्या बी सुआनचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आम्ही खुशाल आहोत, म्हणजे सासूबाई धडधाकट आहेत आणि बाकीचे त्यांच्या कृपेने उभे आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? भावजी कोळंबीचं पथ्य पाळतात का? (पाळत नसणार. हे त्यांना वाचून दाखवू नकोस.)

आता आमच्या ह्यांचं, म्हणजे तिओंग हॉकसाहेबांचं ऐक. हृदयाच्या नसेत बसवायची ती वेटोळ्या तारेची नळी, स्टेंट, तिची टोकं कापायचं अवजार ह्यांनी घरी बनवलं, हे ऐकून ऐकून तुझेही कान किटले असतील. वर्षभर माझ्याच भाजी चिरायच्या पाटावर घासत बसले होते. दिसायला नेलकटरएवढं, पण टोक हवं तेवढंच कापतं, आणि तुकडा उडू नये म्हणून खाली इवलीशी वाटी. असं दुसरं नाही. सोमवारी ते जर्मन पाहुण्यांना दाखवायचं, पसंत पडलं की साहेब तीन वर्षं कामासाठी जर्मनीला. एकटेच! सासूबाईंकडे मी बघायचं, हे मायलेकांनी मला न विचारताच ठरवलं. मीही मेली ‘वा वा’ म्हणाले.

आणि एवढं मोलाचं अवजार ठेवलं कुठे, तर चमच्यांच्या डब्यात! (ह्यांच्या कारखान्यात म्हणे कल्पना चोरतात.) मंगळवारी सासऱ्यांचं श्राद्ध होतं. मुगाचे लांब मोड मुळाच्या शेपटीसकट वाढले तर सासरे फोटोतून उतरून ताट उधळतील, असा सासूबाईंचा पक्का समज. टोपलीभर मोड निवडायचे म्हटल्यावर मी फुलं आणायला सटकले. परत येते तो सासूबाई डब्यातलं ते अवजार घेऊन बसलेल्या, कटाकट शेपट्या उडवतायत, आणि शेपट्या वाटीत! मला वाटलं, लेकानेच दिलं असेल. ह्यांनी तीनदा मोड वाढून घेतले आणि आईच्या हातच्या सफाईचं तोंड भरून कौतुक केलं. त्या अवजाराची आमच्या घरातली ती पहिली तारीफ, आणि करणाऱ्याला पत्ताच नाही.

काल शोधाशोध सुरू झाली. ‘‘माझं आयुष्य त्या डब्यात होतं!’’ म्हणून हे माझ्यावर खेकसले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘तो छोटा अडकित्ता होय? इपोहला हिच्या ताईला धाडला, बिस्किटांच्या डब्यातून. तुझ्या बायकोला कुठे मोड निवडायचेत!’’ हे चमच्यांचा डबा पुन्हा उपसायला लागले. आईला नुसतं ‘बरं, आई’ म्हणाले हो, लाऊडस्पीकर फक्त माझ्यासाठी. पण खरं सांगते ताई, ते तोंड बघून मीच ह्यांना पाणी आणून दिलं.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्रासकट ह्यांनाच तुझ्याकडे धाडते आहे. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
बी सुआन

ता. क. वाचताना हसू नकोस, हे तुझ्यासमोरच बसले असतील. अवजार देऊन टाक, पण आधी खालची वाटी फिरवून काढ आणि तुझ्याकडेच ठेव. जर्मनीला दोघांनी जायचं, असं तुझ्यासमोर कबूल केलं तरच वाटी द्यायची. वेडा असला तरी माझा आहे. तीन वर्षं मी भांडू कोणाशी?

ता. क. दुसरा. सासूबाईंची काळजी नको. त्यांना तुमच्या इपोहचे मोड फार आवडतात. तुझी मागची खोली रिकामीच आहे ना?